तोंड काऊन नाही काढलं

नागपूरच्या मस्कासाथमधल्या एका डाळीच्या ठोक दुकानात मी अकाउंट बघते, नऊ वर्षं झाली. टॅलीवर एन्ट्र्या, जीएसटी, बिल्ट्या, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावत्या, फाईलला लावणं, ट्रान्सपोर्टवाल्यांना दिवसातून दहा फोन. माझ्या टेबलाच्या समोरच शटर आहे आणि शटरच्या बाहेर गल्ली, त्यामुळे सकाळी दहापासून डोळ्यासमोर तेच, टेम्पो लागला, पोती उतरली, ठेला भरला, हमाल आत आले, बाहेर गेले. रद्द झालेल्या बिल्टीची मागची बाजू कोरी असते. त्यावर मी पेनाने काढत बसते. हमाल, ठेलेवाले, चहा घेऊन येणारा पोरगा, गल्लीच्या तोंडाशी बसणारी लिंबूवाली बाई. हे घरी कुणाला फारसं माहीत नाही आणि दुकानात कुणी विचारत नाही.

तर त्या हमालांमुळेच मी एका डच चित्रकारापर्यंत पोचले, आणि गेले तीन-चार महिने डोक्यात तोच आहे. फोनवर जुनी चित्रं बघत होते, आम्सटरडॅमच्या राईक्सम्युझियमच्या साईटवर चित्रं फुकट मोठ्या साईजमध्ये बघता येतात, झूम करत करत अगदी कापडाच्या दोऱ्यापर्यंत जाता येतं, आणि तिथून एकातून एक निघत पीटर व्हान लार हे नाव समोर आलं. चित्रात राजा नाही, देव नाही, लढाई नाही. रस्त्यावरची माणसं, गाढवं, कुत्री, पडक्या भिंती. मला वाटलं अरे, हा तर आपल्याच गल्लीतला माणूस आहे.

हा हॉलंडमधल्या हार्लेमचा, 1599 च्या डिसेंबरात त्याचा बाप्तिस्मा झाला. फ्रान्स हाल्स ज्या गावात पोर्ट्रेट करत होता तेच गाव. साधारण 1625 च्या सुमारास तो रोमला गेला आणि चौदा-एक वर्षं तिथेच राहिला. त्या काळात उत्तरेकडचे चित्रकार रोमला जायचेच, म्हणजे तिथे गेल्याशिवाय शिक्षण पूर्ण झालं असं कुणी मानत नसे. पुतळे बघायचे, राफाएल आणि मायकेलअँजेलोची चित्रं बघून काढायची, आणि परत येऊन तसंच काहीतरी भव्य करायचं, हा ठरलेला रस्ता. आणि तेव्हाचं रोम म्हणजे विचारूच नका, 1626 मध्ये नवं सेंट पीटर्स चर्च अर्पण झालं, आत बर्निनी तो प्रचंड ब्राँझचा मंडप उभा करत होता, जिकडे तिकडे संगमरवर आणि सोनं. आणि हा माणूस त्या सगळ्या झगमगाटात राहून काढतो काय, तर चुन्याच्या भट्टीपाशी बसलेली माणसं. गोल कडक पाव विकणारा पोरगा. बोटांचा जुगार खेळणारे रिकामे लोक. ते भट्टीवालं चित्र आता बुडापेस्टला आहे आणि पाववाल्याचं रोममध्येच.

आता त्याच्या नावाची गोष्ट, जी वाचून माझा पूर्ण दिवस खराब गेला होता. योआखिम फॉन झांद्रार्ट नावाचा एक जर्मन चित्रकार रोममध्ये त्याचा मित्र होता, त्याने नंतर चित्रकारांची चरित्रं लिहिली, त्यात व्हान लारचं शरीर कसं होतं ते सांगितलंय. पाय लांब, धड आखूड, मान जवळपास नाहीच. रोमच्या लोकांनी त्याला नाव पाडलं बांबोच्चो. म्हणजे बाहुला, चिंध्यांचा वेडावाकडा बाहुला. आपल्याकडे नागपूरला हे वेगळं समजावून सांगायची गरजच नाही. तान्ह्या पोळ्याला मारबत निघते, काळी, पिवळी, मोठे पुतळे मिरवत नेऊन जाळतात, आणि सोबत बडगे, म्हणजे वेडेवाकडे पुरुषी पुतळे. इतवारीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. आणि आमच्या वर्गात एक मुलगा होता, पाठीला थोडा बाक होता त्याच्या, त्याला पूर्ण शाळा बडग्याच म्हणायची. मीही म्हणायची. त्याचं खरं नाव आठवायला मला आत्ता हे लिहिताना वेळ लागला, म्हणजे बघा.

पण व्हान लारच्या बाबतीत पुढे जे झालं ते भारी आहे. त्याच्यासारखी चित्रं काढणारे एवढे लोक तयार झाले की त्या सगळ्यांना मिळून बांबोच्चांती म्हणायला लागले, बांबोच्चोवाले. आणि त्या प्रकारच्या चित्राला बांबोच्चाता. एका माणसाच्या अंगावरून पाडलेलं नाव, आणि आज कलेच्या इतिहासात तो एक पूर्ण प्रकार आहे. त्यात रोमचाच मिकेलांजेलो चेर्कोझी होता, यान मील होता, लिंगेलबाख होता. चेर्कोझीने तर 1647 मध्ये नेपल्सला मासानिएल्लो नावाच्या कोळ्याने कराविरुद्ध बंड केलं ते चित्रात काढलं, म्हणजे भाजीबाजारातली माणसं ज्याला काढता येतात त्यालाच बाजारात पेटलेलं बंडही काढता येतं असं मला ते बघताना वाटलं.

रोममधल्या डच-फ्लेमिश कलाकारांची एक टोळी होती, बेंटव्ह्यूगल्स, म्हणजे एका थव्याची पाखरं. नवा माणूस आला की त्याला टोपणनाव द्यायचे, रात्रभर पार्टी, त्याच्याच पैशाने, आणि पहाटे सगळी वरात सांता कोस्तान्झा नावाच्या जुन्या चर्चकडे, कारण त्यांना वाटायचं ती बाकसची, म्हणजे दारूच्या देवाची कबर आहे. तिथे भिंतीवर नावं कोरायचे. ती नावं अजून दिसतात म्हणे. चित्रकारांच्या अधिकृत अकादमीला वर्गणी द्यायला ते तयार नसत, त्यावरून कटकटी चालू. शंभर वर्षं चालली ही टोळी, शेवटी 1720 मध्ये पोपने बंदच केली. व्हान लार यांच्यातलाच, टॅव्हर्नमध्ये जमलेल्या या लोकांचं त्याने काढलेलं एक ड्रॉइंग बर्लिनला आहे.

पण मला सगळ्यात धरून ठेवलं ते त्याच्या एका सेल्फ पोर्ट्रेटने. साधारण 1635 ते 37 च्या मधलं. काळोख आहे, टेबलावर कवटी, उघडी पोथी, निखारे, जादूटोण्याचं सामान. आणि हा स्वतः, तोंड वासून किंचाळतोय, केस विस्कटलेले, नजर बाहेर आपल्याकडे, आणि उजव्या कडेने चित्राच्या चौकटीतून दोन नखाळ पंजे आत येतायत. पंजेच फक्त, ज्याचे आहेत तो दिसतच नाही. खाली टेबलावर संगीताचा कागद काढलाय, त्यावर ओळ आहे की सैतान मस्करी करत नाही. मी हे रात्री साडेअकराला पाहिलं, कूलर घरघरत होता, लेक बाजूला झोपलेली, आणि मी फोन उलटा करून ठेवला. ज्याला सगळं शहर बाहुला म्हणतं त्या माणसाने स्वतःला काढायचं ठरवलं तर तो काय काढेल, याचं उत्तर इतकं उघड कुणी दिलेलं मी पाहिलेलं नाही. यात लोक विनोदही बघतात, असेलही, पण मला भीतीच दिसली.

त्याची चित्रं छोटी असायची आणि विकली जायची चांगली. बड्या लोकांच्या घरात लागायची. 1636 मध्ये त्याने जनावरांच्या एचिंगची, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रांची, एक मालिका काढली ती नेपल्सच्या स्पॅनिश व्हाइसरॉयला अर्पण केलेली आहे. जोव्हान्नी पासेरी म्हणून एक चरित्रकार होता, त्याने याच्या चित्रांना उघड्या खिडकीची उपमा दिली, म्हणजे पलीकडे जे चाललंय ते जसंच्या तसं, काही न बदलता दिसतं. मला ही उपमा फारच आवडली कारण माझं शटर म्हणजे तेच आहे.

आणि इथून भांडण सुरू होतं. मोठ्या चित्रकारांना हे बिलकुल सहन झालं नाही. 1651 मध्ये आंद्रेआ साक्की आणि फ्रांचेस्को अल्बानी यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं आहेत, त्यात दोघंही चिडलेत की या लोकांनी कलेची पार इज्जत घालवली. मला हे वाचून हसू नाही आलं, जुनी जखमच उघडली. शाळेत इंटरमिजिएटच्या परीक्षेच्या तयारीला स्मरणचित्राचा तास असायचा, विषय बाजार, मी कॉटन मार्केटमधला एक हमाल काढला होता, पोत्याखाली वाकलेला, पाठमोरा. शिकवणाऱ्यांनी वही वर्गात वर धरून दाखवली आणि म्हणाले, चित्रात बघायला छान वाटेल असं काढावं, हे काय दरिद्री काढलंय. सगळे हसले. मी पुढे चित्रकलेला गेले नाही, कॉमर्स घेतलं. त्यांच्यामुळेच असं म्हणणं बरोबर नाही, घरची परिस्थिती पण तशी होती, पण ती वही मी नंतर उघडली नाही हे खरं.

म्हणून साक्की-अल्बानीशी मी मनातल्या मनात कितीही भांडू शकते. पण एक जण होता ज्याच्याशी मला भांडता येत नाहीये. साल्व्हातोर रोसा. नेपल्सचा, स्वतः चित्रकार आणि कवी, त्याने चित्रकलेवर एक उपरोधाची कविता लिहिली आणि त्यात बांबोच्चोवाल्यांना झोडपलं. त्यातली एक गोष्ट माझ्या घशात अडकलीय. त्याचं म्हणणं असं की ज्या भिकाऱ्याला हे श्रीमंत लोक जिवंतपणी जवळ येऊ देत नाहीत, त्याचाच फोटो, म्हणजे चित्र, सोन्याच्या चौकटीत घालून दिवाणखान्यात लावतात. जिवंत असला तर किळस, रंगवलेला असला तर कौतुक.

आता यावर काय बोलणार. हे मी वाचलं त्याच दिवशी दुपारी, चव्वेचाळीस डिग्री, गल्लीत चिटपाखरू नाही, आमचे हमालकाका शटरच्या सावलीत टेकून बसले होते, डोक्यावर ओला दुपट्टा. मी नऊ वर्षांत त्यांना किती वेळा काढलं असेल, पन्नासदा तरी. आणि त्यांचं आडनाव मला माहीत नव्हतं. हमालीच्या व्हाउचरवर मी फक्त 'हमाली' लिहिते आणि आकडा.

व्हान लारवर हा आरोप करावासा मला वाटत नाही. तो त्या लोकांपेक्षा वेगळा कुठे उभा होता, त्यालाही शहर बघून हसतच होतं. आणि त्याच्या चित्रातले लोक दयेची भीक मागत नाहीत, ते आपापलं काम करतात, खेळतात, झोपतात. पण रोसाचा नेम त्याच्या चित्रावर नाहीच, तो भिंतीवर चित्र लावणाऱ्यावर आहे, आणि बिल्टीच्या मागे चित्र काढून पर्समध्ये ठेवणारीवर पण.

व्हान लार 1639 मध्ये हार्लेमला परत गेला. 1642 नंतर त्याचा कुठेच पत्ता लागत नाही, सैतानाच्या पंज्यांचं चित्र काढणारा माणूस कागदांमधूनच नाहीसा होतो.

मग मी त्याच्या मागून आलेल्यांना वाचायला लागले आणि तिथे मिखाएल स्वेर्ट्स भेटला. हा डच नाही, ब्रसेल्सचा, 1618 चा जन्म, पण रोममध्ये त्याच डच टोळक्याच्या वस्तीत, व्हिया मार्गुत्ता नावाच्या गल्लीत राहिलेला, आणि रस्त्यावरच्याच लोकांची चित्रं काढणारा. पोप इनोसंट दहावा याचा पुतण्या कामिल्लो पाम्फिली याच्यासाठी काम केलं, म्हणजे बऱ्यापैकी वरपर्यंत पोचलेला माणूस. पण याची चित्रं बघितली की लगेच फरक कळतो. व्हान लारची माणसं लांबवर, लहान, गल्लीतली. स्वेर्ट्स जवळ येतो. एकदम जवळ, चेहऱ्यापर्यंत. सूत कातणारी म्हातारी. पोराच्या डोक्यातल्या उवा काढणारी बाई, आणि त्या बाईचं लक्ष इतकं त्या केसात आहे की मला माझी आजीच आठवली, दुपारी ओट्यावर मांडीत डोकं घेऊन बसायची आणि फणीने एक एक बट विंचरायची. 1656 मध्ये त्याने ब्रसेल्सला नुसत्या चेहऱ्यांच्या एचिंगचा संचच काढला, शिकणाऱ्या मुलांसाठी, आणि शिकवायला चित्रशाळा पण सुरू केली. नाव नसलेले चेहरे, पण प्रत्येकाला आपलं असं काहीतरी मनात आहे.

ख्रिस्ती परंपरेत दयेची सात कामं सांगितलेली आहेत, भुकेल्याला जेवण, तहानलेल्याला पाणी, उघड्याला कपडा, परक्याला आसरा, आजाऱ्याला आणि कैद्याला भेटणं, मेलेल्याला मूठमाती. त्या सातांवर त्याने रोममध्ये मालिका केली, त्यातली चार राईक्सम्युझियममध्येच आहेत. आणि उघड्याला कपडा देण्याचाच विषय त्याने खूप नंतर, 1661 च्या सुमारास परत घेतला, ते चित्र न्यूयॉर्कला आहे. त्यात गल्ली नाही, गर्दी नाही, फक्त दोन माणसं. एक अंगावर भारी कपडे असलेला तरुण, एक उघडा. तरुण कपड्यांचा गठ्ठा पुढे करतोय. बस.

आणि मग हा माणूस ते खरंच करायला लागला. आम्सटरडॅममध्ये त्याला पॅरिसच्या एका मिशनचे लोक भेटले, पूर्वेकडे धर्मप्रचाराला निघालेले, आणि तो त्यांच्यात सामील झाला. त्यांच्यातल्या एकाच्या पत्रात त्याचं वर्णन आहे, जवळपास रोज उपास, मांस खात नाही, कठीण जमिनीवर झोपतो, होतं नव्हतं ते गरिबांना वाटून टाकलंय. 1662 च्या जानेवारीत ही मंडळी मार्सेयहून निघाली, बिशप फ्रांस्वा पाल्यूच्या हाताखाली, आधी सिरिया, मग जमिनीवरून इराण. वाटेत याचं बिनसलं. सगळ्यांना शिकवायला लागला, वाद घालायला लागला, डोकं ठिकाणावर नाही असं बाकीच्यांचं मत झालं आणि इराणात त्यांनी याला सोडून दिलं.

तिथून तो आला गोव्याला. पोर्तुगीज जेसुइटांकडे. आणि 1664 मध्ये गोव्यातच मेला.

मी हे वाचून उठून बसले होते. 1664, म्हणजे ज्या वर्षी जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली तेच वर्ष. आपल्या शाळेच्या इतिहासात ते वर्ष आहे, पाठ केलेलं, आणि त्याच वर्षी खाली गोव्यात ब्रसेल्सचा एक चित्रकार मरतोय ज्याने रोमच्या भिकाऱ्यांना चेहरे दिले. तसे या लोकांचे पाय आपल्याकडे आधीही लागले होते, हार्लेमचाच कॉर्नेलिस हेडा हा विजापूरला इब्राहिम आदिलशहाच्या दरबारात चित्रकार होता, पण तो दरबारात होता. हा सगळं सोडून आला होता. आम्ही 2019 ला ओल्ड गोव्याला गेलो होतो, लेकीने त्या मोठ्या चर्चसमोर आईस्क्रीम सांडलं होतं एवढंच मला तिथलं आठवत होतं.

स्वेर्ट्सने जे केलं ते बरोबर का चूक मला ठरवता येत नाही. पेन सोडून द्यायची माझी इच्छा नाही, तसं करून हमालकाकांच्या पाठीवरचं पोतं हलकं होणार पण नाही. पण रोसाचं ते वाक्य आणि हा गोव्यापर्यंत आलेला माणूस, दोघं मिळून मला टेबलावर बसू देईनात.

मागच्या गुरुवारी तुरीची गाडी उशिरा येणार होती. काका बाहेर बसले होते. मी त्यातल्या त्यात बरी वाटणारी बिल्टी घेतली, पाठीवर कट्टा घेतलेले काका, आणि बाहेर जाऊन दिली. म्हटलं काकाजी, हे तुमचं काढलं मी. त्यांनी हात दुपट्ट्याला पुसले, कागद दूर धरला, मग जवळ.

"मी होय हे?"

"हो ना."

बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "पोतं चुकलं ताई. भरलेलं पोतं असं सरय नाही राहत. मानेवर आलं का मधातून मोडते थे, दोन्ही कडनं खाली लोंबते. आन् वजन मानेवर नाही घेत, इथं घेतो," असं म्हणून त्यांनी वळून मानेच्या खाली खांद्यांच्या मधे हात लावून दाखवलं, तिथे शर्टाचं कापड घासून पार विरलेलं होतं आणि आतून कातडी काळी, जाड झालेली दिसत होती. नऊ वर्षं मी ती पाठ बघत होते आणि ते विरलेलं कापड माझ्या एकाही चित्रात नाही.

मग त्यांनी कागद उलटा केला, बिल्टी वाचली, परत सुलटा केला.

"तोंड काऊन नाही काढलं?"

मी म्हटलं, तुम्ही काम करत असता, पाठच दिसते. ते हो म्हणाले, पण त्यांना ते पटलं नव्हतं आणि मला पण नाही. आत जाऊन मी अजून एक बिल्टी आणली, लिंबाच्या क्रेटवर बसले आणि म्हटलं बसा असेच. त्यांनी दुपट्टा नीट केला, गुंडी लावली, हात गुडघ्यांवर ठेवले, पासपोर्ट फोटोला बसतात तसे ताठ. कपाळावर एक जुनी खूण आहे, ती कशाची म्हणून विचारलं तर कळमन्याला मार्केटमध्ये होतो तेव्हा गाडीचा फाळका लागला म्हणाले. नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव भिवापूरकडचं. कान झाले, कपाळ झालं, नाक जमलं असं मला वाटतं. तेवढ्यात तुरीची गाडी गल्लीत शिरली, ड्रायव्हरने हॉर्न दाबूनच धरला, आणि काका उठले.

पहिला कागद त्यांनी चौपदरी घडी करून खिशात ठेवला. दुसरा माझ्याकडे आहे, डोळे राहिलेत. उद्या गाडी अकराला आहे, म्हणजे साडेदहाला ते मोकळे असतात.